पहिली बॅच, दुसरं वर्ष : स्वतंत्र क्रीडा प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर संध्याकाळी गेलात, तर पंचविशीतले काही खेळाडू हमखास भेटतात. कुणी विद्यापीठाकडून खेळलेला, कुणी राज्य स्पर्धेत पदक मिळवलेली. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण जागा मोजक्या आणि अर्ज पुष्कळ. अशा वेळी कुणीतरी पालक विचारतात, ‘सर, आमच्या मुलाला शिकवाल का?’ एकाची दोन मुलं होतात, दोनांची पाच, आणि नकळत एक व्यवसाय सुरू होतो. तो नकळत सुरू व्हायला हरकत नाही, पण नकळत चालवता येत नाही. हा लेख अशा तरुण-तरुणींसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. पहिल्या वर्षी किती मुलं आली, याला या कामात फारसं महत्त्व नाही. त्यातली किती मुलं दुसऱ्या वर्षी परत आली, यावर प्रशिक्षकाचं नाव आणि घर दोन्ही चालतं. खेळातलं कौशल्य मुरायला दोन-तीन वर्षं लागतात. तीन महिन्यांत सोडून गेलेल्या मुलाला तुम्ही फार काही दिलेलं नसतं आणि त्याच्या घरचे तुमचं नाव पुढे कुणाला सांगत नाहीत. म्हणून मैदान, फी, कागदपत्रं, पालकांशी बोलणं, यातला प्रत्येक निर्णय घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : याने मूल टिकेल का?

शिकवणं वेगळं शिकावं लागतं

आपण चांगलं खेळतो, म्हणजे आपल्याला शिकवता येईल, असं बहुतेक खेळाडूंना वाटतं. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या खात्यावर फक्त एक प्रथम श्रेणी सामना होता. सचिन तेंडुलकरसह कितीतरी खेळाडू त्यांच्या हाताखाली घडले, १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० साली पद्मश्री. दुसरीकडे नेमबाज दीपाली देशपांडे २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये स्वतः उतरल्या होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव देशभर झालं. खेळाडू म्हणून दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या, पण शिकवण्याचं काम दोघांनीही वर्षानुवर्षं मन लावून केलं.

तेव्हा आधी एखादा अभ्यासक्रम करा. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेला सगळे ‘एनआयएस’ म्हणतात. १९६१पासून ती प्रशिक्षक घडवते आहे. तिथली पदविका पूर्णवेळ आहे आणि कमी मुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतात. प्रवेशाच्या अटी आणि तारखा भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. याशिवाय प्रत्येक खेळाची स्वतःची शिडी आहे. फुटबॉलमध्ये डी परवान्यापासून सुरुवात होते आणि पुढे सी, बी, ए असं चढत जायचं. क्रिकेटमध्ये राज्य संघटनेमार्फत लेव्हल वनकडे जाता येतं. बॅडमिंटन, टेनिस आणि ॲथलेटिक्समध्येही आंतरराष्ट्रीय महासंघांचे पायऱ्यापायऱ्यांचे अभ्यासक्रम आहेत. शाळेत शारीरिक शिक्षक म्हणूनही काम करायचं असेल, तर बी.पी.एड. उपयोगी पडतं.

प्रमाणपत्र मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडे सहा महिने सहायक म्हणून उभे राहा. मानधन कमी मिळालं तरी चालेल. रडणाऱ्या मुलाला ते कसं परत खेळात आणतात, पाऊस आला की सराव कसा बदलतात, चिडलेल्या वडिलांशी कोणत्या आवाजात बोलतात, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

कोणाला शिकवणार, ते आधी ठरवा

‘वय वर्षे ५ ते ५०, सर्वांसाठी’ असा फलक लावण्याचा मोह टाळा. सहा वर्षांचं मूल आणि जिल्हा स्पर्धेला निघालेला सोळा वर्षांचा मुलगा एकाच तासात सांभाळला, तर दोघांवरही अन्याय होतो. सुरुवातीला एकच वयोगट घ्या. आठ ते बारा हा गट नवख्या प्रशिक्षकासाठी चांगला, कारण मुलं ऐकतात, शरीर लवकर शिकतं आणि दहावी अजून लांब असते.

त्यांचं साहित्यही त्यांच्या मापाचं हवं. फुटबॉलमध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना ३ क्रमांकाचा चेंडू, आठ ते बाराला ४ क्रमांकाचा आणि त्यानंतर ५ क्रमांकाचा. टेनिसमध्ये लहानांसाठी लाल, मग नारिंगी, मग हिरवा, असे कमी वेगाचे चेंडू मिळतात. लहान हातात मोठ्यांची बॅट आणि सीझन बॉल दिला की मूल घाबरतं, चुकीची सवय लागते आणि काही महिन्यांत येणं बंद होतं.

खेळ निवडताना आपल्या मातीतल्या खेळांकडेही व्यवसाय म्हणून पाहा. खो-खो, कबड्डी, मल्लखांब यांना साहित्य कमी लागतं आणि गावोगाव शाळांचे संघ असतात. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. शिवाजी पार्कच्या उदय देशपांडे यांना मल्लखांबासाठी २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यामुळे या खेळांना आता नुसतं शाळेच्या पटांगणापुरतं मोजून चालणार नाही. ज्या तालुक्यात टेनिसचं कोर्ट नाही, तिथे चांगला खो-खो प्रशिक्षक वर्षभर काम करू शकतो.

मुलींची बॅच सुरू करणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. बारा-तेराव्या वर्षी मुली मैदान सोडतात, ते बहुतेक वेळा खेळ नकोसा झाला म्हणून सोडत नाहीत. स्वच्छतागृह नसतं, परतताना अंधार पडतो, मैदानावर बोलायला कुणी बाईमाणूस नसतं. सरावाची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली, एक ताई सहायक म्हणून ठेवली आणि जवळच्या स्वच्छतागृहाची सोय करून घेतली, तर कितीतरी मुली टिकतात. तुम्ही स्वतः महिला प्रशिक्षक असाल, तर तुमची गरज किती मोठी आहे, हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात पालक सांगतील.

मैदान मिळवणं

मैदानाचे साधारण चार मार्ग असतात : शाळेचं पटांगण, गृहनिर्माण सोसायटीची मोकळी जागा, महापालिकेचं किंवा क्रीडा संकुलाचं मैदान, आणि खासगी टर्फ किंवा हॉल. शाळेचं पटांगण सगळ्यात सोयीचं, कारण मुलं आणि पालक तिथेच असतात. सोसायटीत मुलं खालीच उतरतात, पण चेंडू गाडीवर आदळला की वाद होतो. पालिकेच्या मैदानाचं भाडं बहुधा परवडतं, पण परवानगीला वेळ लागतो. टर्फवर दिवे असतात, पावसाळ्यात चिखल नसतो, मात्र तासाचं भाडं नफा खाऊन टाकतं.

कुठलीही जागा घ्या, परवानगी कागदावर घ्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी जिन्यात ‘करा की, काही हरकत नाही’ म्हटलं, ही परवानगी नव्हे. समिती बदलली की पहिलं गेट बंद होतं ते तुमचं. कार्यकारी समितीच्या पत्रात दिवस, वेळ, भाडं, साहित्य ठेवायची जागा, पाणी आणि स्वच्छतागृहाचा वापर, आणि करार संपवण्याआधी द्यायची मुदत एवढं असू द्या. शाळेच्या बाबतीत पत्र संस्थेचं घ्या, नुसतं मुख्याध्यापकांच्या तोंडी शब्दावर थांबू नका.

भाडं ठरवण्यापूर्वी आठवडाभर त्या वेळेला तिथे जाऊन उभे राहा. ऊन कुठून येतं, भटकी कुत्री असतात का, शेजारी लग्नाचा हॉल आहे का, संध्याकाळी दिवे कधी लागतात, रुग्णवाहिका आत येऊ शकते का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही.

एका तासाची आखणी

मूल टिकतं की जातं, याचा निकाल सरावाच्या तासात लागतो. नव्या प्रशिक्षकाकडून इथे एक चूक सर्रास होते. सोळा मुलं एका रांगेत उभी, पुढे एक बॅट, आणि प्रत्येकाला पाच चेंडू. तासाभरात मूल पन्नास मिनिटं नुसतं उभं राहतं. तुमचं समजावणं कितीही छान असलं, तरी ते मूल घरी जाऊन ‘कंटाळा येतो’ असंच सांगणार.

म्हणून चार-चार मुलांचे चार गट करा आणि मैदानावर चार ठिकाणं मांडा. क्रिकेट असेल तर एका ठिकाणी फलंदाजी, दुसऱ्या ठिकाणी झेल, तिसऱ्या ठिकाणी एका यष्टीवर फेक, चौथ्या ठिकाणी मऊ चेंडूने गोलंदाजीची क्रिया. दर सात-आठ मिनिटांनी शिटी वाजवून जागा बदला. पंचाहत्तर मिनिटांच्या सरावात सुरुवातीची दहा-बारा मिनिटं शरीर गरम करायला, मग पंचवीस-तीस मिनिटं कौशल्याला, पंचवीस मिनिटं छोट्या मैदानावरच्या छोट्या सामन्याला आणि शेवटी ताण देण्याचे व्यायाम. छोटा सामना कधीही कापू नका. मूल खेळायला आलेलं असतं.

एका तासात एकच गोष्ट शिकवा. प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारून निदान एकदा तरी सुधारणा सांगा, आणि काय बरोबर केलं तेही सांगा. वहीत तारीख, हजेरी, त्या दिवसाचा विषय आणि दोन ओळींची टिपणं ठेवा. तीन महिन्यांनी पालक ‘प्रगती कशी आहे?’ विचारतील, तेव्हा ही वहीच तुमच्या बाजूने बोलेल.

पैशाचं गणित

फी ठरवताना शेजारच्या अकादमीचा आकडा उचलू नका. आधी खर्च मांडा. उदाहरणासाठी एक हिशेब पाहू. समजा सोळा मुलं आहेत आणि फी दरमहा १,२०० रुपये. जमा १९,२००. मैदानाचं भाडं ५,०००, सहायकाचं मानधन ३,०००, साहित्याची झीज १,५००, प्रथमोपचार, छपाई, फोन वगैरे ७००. खर्च १०,२००. हातात राहिले ९,०००. एवढ्यावर घर चालत नाही.

त्याच मैदानावर त्याच संध्याकाळी सोळा मुलांची दुसरी बॅच लागली, तर जमा ३८,४०० होते. भाडं दुप्पट होत नाही, कारण दोन तास सलग घेतले की दर कमी करून मिळतो. ते ८,००० धरा. सहायक ६,०००, साहित्य २,०००, इतर १,०००. खर्च १७,०००, हातात २१,४००. मुलं दुप्पट झाली, पण मिळकत दुपटीहून अधिक वाढली. म्हणून दुसरं मैदान शोधण्याआधी पहिल्या मैदानावर दुसरी बॅच भरा. आणि पहिलं वर्षभर दुसरं उत्पन्न सोडू नका. शाळेत अर्धवेळ काम असेल, सकाळी मोठ्यांची व्यायामाची बॅच असेल, जी काही आवक आहे ती चालू ठेवा.

वर्षाचे बाराही महिने सारखे नसतात, हे विसरू नका. मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये गावी जाणं, जून ते सप्टेंबर पाऊस, मग दिवाळीची सुट्टी. एप्रिल-मेच्या उन्हाळी शिबिरात मात्र मुलं धो-धो येतात. त्या दोन महिन्यांत आलेला पैसा पावसाळ्यासाठी बाजूला ठेवावा लागतो. वर्षाचा अंदाज नऊ महिन्यांच्या जमेवर बांधा, म्हणजे ऑगस्टमध्ये तारांबळ उडणार नाही. शिबिराला आलेल्या मुलांतली जी जूनमध्ये नियमित बॅचला येतात, ती तुमची खरी कमाई. शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक पालकाला पाच मिनिटं द्या आणि मुलाने पुढे काय शिकायला हवं ते सांगा.

फी तिमाही घ्या, आगाऊ घ्या आणि प्रत्येक फीची पावती द्या. आजारपण, परगावी जाणं, पावसामुळे रद्द झालेला सराव, मध्येच सोडणं, या चारही बाबतींत पैसे परत मिळणार की नाही, हे प्रवेशाच्या अर्जावरच छापा. आणि प्रत्येक बॅचमध्ये एक-दोन जागा अशा मुलांसाठी ठेवा, ज्यांच्या घरून फी येणं शक्य नाही. ते मूल कोण आहे, हे इतर मुलांना कधीही कळता कामा नये.

कागदपत्रं : घाबरू नका, टाळू नका

एकट्याने सुरुवात करताना कंपनी किंवा ट्रस्ट काढायची गरज नसते. तुमच्या पॅन क्रमांकावर वैयक्तिक मालकीचा व्यवसाय चालतो. पहिल्या दिवसापासून बँकेत वेगळं खातं ठेवा आणि फी त्यातच घ्या. घरखर्च आणि व्यवसाय एका खात्यात मिसळला की वर्षअखेरीस काही समजत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा कमी कामगार असतील, तर पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती बँकेत चालू खातं उघडताना उपयोगी पडते. सूक्ष्म उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणारी नकली संकेतस्थळंही दिसतात, त्यांच्यापासून सावध राहा. स्वयंरोजगार करणाऱ्याला राज्याचा व्यवसाय कर भरावा लागतो, तो वर्षाला २,५०० रुपये आहे. सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही. उत्पन्न कमी वाटलं तरी प्राप्तिकराचं विवरणपत्र दरवर्षी भरा. पुढे साहित्यासाठी कर्ज काढायचं झालं, तर बँक सगळ्यात आधी तेच मागते. वर्षातून एकदा सनदी लेखापालाकडे बसा.

समूह अपघात विमा जरूर घ्या. वार्षिक हप्ता मुलांमध्ये वाटला, तर दरडोई रक्कम थोडीच पडते आणि हाड मोडल्यावर होणारे वाद टळतात.

मुलांची सुरक्षितता

या विभागात कुठलीही तडजोड नको.

प्रवेश अर्जावर जन्मतारीख, पालकांचे दोन फोन क्रमांक, रक्तगट, दमा, फिट्स, ॲलर्जी, चालू औषधं एवढी माहिती घ्या. दम्याच्या मुलाचा पंप सरावाला त्याच्याजवळ आहे का, ते रोज विचारा. प्रथमोपचार पेटी मैदानावर हवी, गाडीच्या डिकीत नको. सीपीआरचं प्रशिक्षण घ्या. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने छाती दाबायची आणि मदत पोहोचेपर्यंत थांबायचं नाही, हे हातांना सवयीचं असायला हवं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलं, उलटी झाली किंवा डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशी त्याला परत मैदानात उतरवायचं नाही. डॉक्टरांनी पाहिल्यावरच पुढचा सराव. सीझन बॉलसमोर हेल्मेट नसेल, तर फलंदाजी नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेचा सराव सकाळी साडेआठच्या आत संपवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्या. ढगांचा गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करा, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. झाडाखाली उभं राहणं म्हणजे आडोसा नव्हे.

आता याहून अवघड विषय. मूल आणि प्रशिक्षक यांच्यात अधिकाराचं अंतर असतं आणि त्याचा गैरफायदा घेतला गेल्याची उदाहरणं खेळात आहेत. २०१२चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो. गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे. म्हणून काही नियम लिहून काढा आणि पालकांना वाचून दाखवा. बंद खोलीत कुठल्याही मुलासोबत एकटं थांबायचं नाही. पकड किंवा पवित्रा दुरुस्त करताना आधी सांगायचं, सगळ्यांसमोर करायचं आणि मुलाने नको म्हटलं तर स्वतः करून दाखवायचं. मुलांना वैयक्तिक संदेश पाठवायचे नाहीत, निरोप पालकांच्या गटावरच. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत महिला जबाबदार व्यक्ती हवीच, आणि प्रशिक्षकाची खोली वेगळी. फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी. हेच नियम सहायकांनाही लागू. मुलांना १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक पाठ असू द्या, तुमच्याविरुद्ध तक्रार करायची असली तरी त्यांना तो वापरता आला पाहिजे.

पालकांशी नातं

पालक फी भरतात, म्हणून ते गिऱ्हाईक आहेत असं धरलं तर घोटाळा होतो. ते मूल तुमच्या हवाली करतात, आणि त्यांच्या काळज्याही सोबत येतात. पहिल्या आठवड्यात सगळ्या पालकांची एक बैठक घ्या. काय शिकवणार, किती वेळ लागेल, स्पर्धेला कधी नेणार, हे सांगा. ‘तुमचा मुलगा दोन वर्षांत राज्याकडून खेळेल’ असं आश्वासन कधीही देऊ नका. ‘वर्षभर नियमित आला तर त्याचं शरीर सुधारेल, मूलभूत कौशल्यं पक्की होतील, हार पचवायला शिकेल’ एवढं सांगा, आणि तेवढं करून दाखवा.

जून उजाडला की एक वाक्य नक्की ऐकू येतं : ‘सर, यंदा दहावी आहे, बंद करतो.’ वाद घालू नका. आठवड्यातून दोन दिवस, एक तास, असा पर्याय आधीच तयार ठेवा. खेळातल्या कामगिरीसाठी दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. कोणत्या स्पर्धेला किती गुण आणि प्रस्ताव कधी द्यायचा, हे दरवर्षी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून विचारून पालकांना सांगा. परीक्षा संपल्यावर त्या मुलाला स्वतः फोन करा. वर्षभराने परतलेलं मूल पुढे पुष्कळदा तुमचा सहायक होतं.

स्पर्धा आणि सचोटी

शालेय स्पर्धांची रचना समजून घ्या. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट असतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या असतात, आणि प्रवेश शाळेकडून जातो, तुमच्याकडून नाही. म्हणून तुमच्या मुलांच्या शाळांमधल्या शारीरिक शिक्षकांना भेटा, त्यांचा मान ठेवा, मुलाचं श्रेय त्यांनाही द्या. त्यांना तुम्ही स्पर्धक वाटलात, तर नुकसान मुलाचं होतं. संघटनेच्या स्पर्धांसाठी जिल्हा संघटनेशी संलग्न क्लब लागतो. सुरुवातीला एखाद्या जुन्या क्लबमार्फत मुलं उतरवणं सोपं जातं. स्वतःचा क्लब पुढे काढाल, तेव्हा त्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करावी लागेल.

जन्मतारखेला हात लावू नका. ‘सगळेच करतात’ असं सांगून कुणीतरी दाखला बदलायचा मार्ग दाखवेल. क्रिकेट मंडळ हाडांच्या एक्स-रे तपासणीवरून वय पाहतं, पकडला गेलेला मुलगा अपात्र ठरतो. आणि पकडला गेला नाही, तरी त्याच्याहून खरोखर दोन वर्षांनी लहान असलेल्या मुलाची जागा त्याने घेतलेली असते. तसंच ‘ताकदीची पावडर’ स्वतः विकू नका आणि सुचवूही नका. बंदी असलेला पदार्थ शरीरात सापडला, तर तो कुठून आला हे सांगून खेळाडू सुटत नाही. २०२२च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, म्हणजे ‘नाडा’ला, चाचणीचे आणि कारवाईचे अधिकार दिले आहेत. भाकरी, वरण, अंडी, शेंगदाणे, दूध, केळी आणि आठ-नऊ तासांची झोप यांच्यावर वाढत्या वयाचा खेळाडू उत्तम घडतो.

आता सुरुवात कशी कराल

मोठा फलक, लोगो, ‘इंटरनॅशनल अकादमी’ असं नाव, रंगीत टी-शर्ट, हे सगळं नंतर. पहिल्या महिन्यात मैदानाचं पत्र मिळवा, प्रवेश अर्ज आणि नियमांचं एक पान तयार करा, प्रथमोपचार शिका, बँकेत खातं उघडा. दुसऱ्या महिन्यात ओळखीच्या घरांतली दहा-बारा मुलं घेऊन दोन आठवड्यांचा मोफत सराव घ्या, आणि त्यात पालकांना मैदानावर बसून पाहू द्या. तिसऱ्या महिन्यात फी सुरू करा. बारा मुलं असतील तर बारांनाच शिकवा. चोवीस होईपर्यंत थांबलात, तर ती बाराही दुसरीकडे जातील.

मग वर्षभर एकच नेम पाळा : ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी मैदानावर हजर राहायचं. पाऊस असो, लग्नसराई असो, तीनच मुलं आलेली असोत. त्या तीन मुलांना पूर्ण सराव द्या. वर्ष संपल्यावर हजेरीची वही काढून मोजा. बारांपैकी नऊ मुलांनी पुन्हा नाव नोंदवलं असेल, तर काम नीट बसलं आहे, दुसरी बॅच निर्धास्त लावा. चारच परतली असतील, तर नवी जाहिरात करू नका. न आलेल्या आठ मुलांच्या घरी फोन करा, कारण विचारा, नीट ऐकून घ्या आणि त्यानुसार सराव बदला. मुलं जिथे टिकतात तिथे पुढची मुलं आपोआप येतात, आणि स्वतंत्र प्रशिक्षकाला याहून भक्कम भांडवल दुसरं कुठलंही लागत नाही.